अराजक, अराज्य आणि एक टपाल तिकीट : लायसँडर स्पूनरचे राज्यविरोधी लेखन

'अराजक' हा शब्द मराठीत भीती सोबत घेऊनच येतो. वर्तमानपत्रात तो दंगलीच्या आणि लुटालुटीच्या बातम्यांत भेटतो. आम्ही इंदूरकर ज्या हिंदीच्या शेजारात राहतो तिथेही 'अराजकता' म्हणजे बेबंदशाहीच. ही भीती जुनी आहे. रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मृत्यूनंतर ऋषिमंडळी वसिष्ठांसमोर राजा नसलेल्या देशाचे वर्णन करतात. त्या देशात पाऊस पडत नाही, मुलगा बापाचे ऐकत नाही, व्यापारी रस्त्याने निर्धास्त जाऊ शकत नाहीत. महाभारताच्या शांतिपर्वातही अराजक राष्ट्राची गत पाण्यातल्या माशांसारखी सांगितली आहे : मोठा लहानाला गिळतो. पण त्याच शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला आणखी एक गोष्ट सांगतात, आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. एके काळी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड देणाराही नव्हता. लोक धर्माने वागत आणि परस्परांचे रक्षण करीत. पुढे त्यांना मोह झाला आणि मग राजाची गरज पडली. परंपरेला दोन्ही चित्रे ठाऊक होती. आपल्या शब्दाच्या वाट्याला मात्र एकच आले.

हा केवळ कोशकारांचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. एम.ए.च्या वर्गात वैचारिक गद्य शिकवताना 'ॲनार्किस्ट' या शब्दाला मुलांकडून हटकून 'दंगेखोर' किंवा 'अतिरेकी' असे प्रतिशब्द येतात. बाँब फेकणारे अराजकवादी युरोपात झाले, हे खरेच आहे. परंतु हा एक अर्थ हाती धरून एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी राज्यविरोधी गद्य वाचायला घेतले, तर त्यातले एक पानही नीट लागत नाही. त्या गद्यातील लायसँडर स्पूनर (१८०८–१८८७) हा लेखक मी येथे निवडला आहे. त्याच्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे : स्पूनर नियमांना कंटाळून राज्याच्या विरोधात गेला नाही. नियम, दस्तऐवज, सही आणि अधिकारपत्र या गोष्टी त्याने राज्यापेक्षाही अधिक गंभीरपणे घेतल्या, आणि म्हणून तो राज्याच्या विरोधात गेला.

(हा अंक शासनाच्या अनुदानावर निघतो आणि त्यात अशा माणसावर लेख यावा, हे काहींना गमतीचे वाटेल. अनुदानाचा पैसा कोणाचा आणि तो द्यायला त्याने कोणत्या कागदावर होकार दिला होता, हे स्पूनरने पहिल्यांदा विचारले असते.)

स्पूनर मॅसॅच्युसेट्समधल्या ॲथॉल गावाजवळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. वूस्टर येथे त्याने वकिलांच्या कचेरीत कायद्याचा अभ्यास केला. त्या वेळचा तिथला नियम असा होता, की महाविद्यालयाची पदवी असलेल्या उमेदवाराने तीन वर्षे उमेदवारी केली की त्याला वकिलीची सनद मिळे; पदवी नसलेल्याला मात्र पाच वर्षे काढावी लागत. स्पूनरकडे पदवी नव्हती. त्याने तीन वर्षे पूर्ण केली आणि सनदेची वाट न पाहता सरळ पाटी लावली. एवढ्यावर तो थांबला नाही. १८३५ साली त्याने राज्याच्या विधिमंडळाला उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. ज्याच्या बापाला पदवीचा खर्च झेपतो त्याला दोन वर्षांची सूट, आणि ज्याला झेपत नाही त्याच्यावर दोन वर्षांचा भुर्दंड. हा नियम गरिबाच्या स्पर्धेपासून श्रीमंताला वाचवण्यासाठी आहे, असा त्याचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी तो नियम रद्द झाला. राज्यसंस्था दुर्बलाला प्रबलापासून वाचवते असे आपण मानतो. स्पूनरने आयुष्याच्या आरंभीच तिला उलटे काम करताना पाहिले होते, आणि माझ्या मते त्याच्या पुढच्या साऱ्या लेखनाचे मूळ येथे आहे.

टपालाचे प्रकरण याहून रंगतदार आहे. १८४० च्या आसपास अमेरिकेत पत्र पाठवणे ही चैन होती. टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. तीस मैलांपर्यंत एका कागदाला सहा सेंट, पुढे अंतराप्रमाणे दहा, साडेबारा, पावणेएकोणीस आणि चारशे मैलांपलीकडे पंचवीस. बॉस्टनहून न्यूयॉर्कला एक कागद पाठवायचा तर पावणेएकोणीस सेंट लागत; दोन कागद असले की दुप्पट. परगावी गिरणीत काम करणाऱ्या मुलीने आईला पत्र लिहायचे म्हटले तरी मजुरीतला लक्षात येण्याजोगा भाग त्यात जाई. १८४४ च्या आरंभी स्पूनरने 'अमेरिकन लेटर मेल कंपनी' काढली. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर या चार शहरांत तिच्या कचेऱ्या होत्या. कंपनीने स्वतःचे तिकीट छापले. त्यावर गरुडाचे चित्र होते आणि भाव लिहिला होता : डॉलरला वीस तिकिटे, म्हणजे पत्रामागे पाच सेंट. अमेरिकी सरकारची देशभर चालणारी पहिली तिकिटे १८४७ साली निघाली, त्याआधीची ही गोष्ट आहे.

हे त्याने चोरून केले नाही. पोस्टमास्टर जनरलला पत्राने कळवून केले आणि सोबत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. खाजगी टपालाला बंदी घालणारे काँग्रेसचे कायदे राज्यघटनेशी विसंगत आहेत, हे तिचे प्रतिपाद्य होते. साहित्याच्या विद्यार्थ्याने ती वाचावी असे मला आवर्जून वाटते, कारण तिचा सगळा डोलारा एका गाळलेल्या शब्दावर उभा आहे. घटनेने काँग्रेसला टपालकचेऱ्या आणि टपालमार्ग स्थापण्याचा अधिकार दिला आहे. पण घटनेच्या आधी जो संघराज्याचा करार होता त्यात हा अधिकार एकट्याचा आणि अनन्य, अशा विशेषणांसह दिला होता. नव्या दस्तऐवजात ही विशेषणे नाहीत. स्पूनर म्हणतो, कचेरी उघडण्याचा अधिकार म्हणजे दुसऱ्याची कचेरी बंद पाडण्याचा अधिकार नव्हे. शब्द होता, तो काढला गेला, तर त्याला अर्थ असलाच पाहिजे. आमच्याकडे पाठचिकित्सेच्या तासाला जुन्या पोथीत एक शब्द असणे आणि नव्या प्रतीत नसणे यावर आपण जशी चर्चा करतो, तशीच ही चर्चा आहे. फरक इतकाच, की येथे पाठभेदाच्या एका बाजूला सरकारी वकील उभा होता.

सरकारने कंपनीच्या माणसांवर आणि पत्रे नेऊ देणाऱ्या रेल्वे कंपन्यांवर खटले भरले. खटल्यांचा खर्च स्पूनरला पेलवला नाही आणि कंपनी अल्पावधीतच बंद झाली. मात्र मार्च १८४५ मध्ये काँग्रेसने कायदा करून तीनशे मैलांपर्यंतच्या पत्राचा दर पाच सेंटांवर आणला. १८५१ साली तो आगाऊ हशील भरणाऱ्यासाठी तीन सेंटांवर आला. स्वस्त टपालाचे श्रेय एकट्या स्पूनरला देण्याची त्याच्या चाहत्यांची सवय मला पटत नाही. इंग्लंडात १८४० पासून एक पेनीचे टपाल सुरू झालेलेच होते, आणि अमेरिकेत इतर खाजगी टपालवालेही होते. स्पूनरला स्वतःला मात्र शंका नव्हती. टपालहशील कोणामुळे कमी झाले आणि त्याला त्याचा मोबदला मिळायला हवा की नको, असा प्रश्न विचारणारी पुस्तिकाच त्याने पुढे लिहिली. मोबदला मिळाला नाही.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकाला यातले राजकारण समजावून सांगायला नको. होळकर संस्थानाची स्वतःची तिकिटे होती. ग्वाल्हेरीत इंग्रजी तिकिटावर संस्थानाचे नाव छापलेले असे. तिकिटावर कोणाचे चित्र आणि कोणाचे नाव, यावरून सत्ता कोणाची हे आपल्या आजोबांना कळत होते. स्पूनरच्या गरुडाने सरकारला राग आला त्यात नवल नाही.

सनद आणि टपाल या स्वतःच्या धंद्याच्या लढाया होत्या. गुलामगिरीच्या प्रश्नावर मात्र स्पूनरने दुसऱ्यांसाठी तीच पद्धत वापरली. १८४५ साली त्याने 'गुलामगिरीची घटनाबाह्यता' हा ग्रंथ लिहिला आणि १८४७ मध्ये त्याचा दुसरा भाग. गुलामगिरीविरोधी चळवळीतले गॅरिसनसारखे मोठे पुढारी घटना गुलाममालकांच्या बाजूची आहे असे मानत. गॅरिसनने १८५४ मध्ये तिची प्रत भर सभेत जाळली. स्पूनरने जाळण्याऐवजी वाचली. घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही; सेवेला बांधलेल्या व्यक्ती असे आडवळणाचे शब्द आहेत. कायद्याचा अर्थ लावण्याचा एक मान्य नियम असा, की माणसाचा नैसर्गिक हक्क हिरावून घ्यायचा असेल तर शब्द निःसंदिग्ध हवेत. शब्दांचा निरपराध अर्थ लागत असेल तर तोच घ्यावा. मग ज्यांना लाजेने शब्द लिहिता आला नाही त्यांना त्या शब्दाचा लाभही घेता येणार नाही! हा युक्तिवाद केवळ चातुर्याचा नव्हता. स्वतः गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५१ मध्ये गॅरिसनचे मत सोडून घटनेकडे गुलामगिरीविरोधी दस्तऐवज म्हणून पाहायला सुरुवात केली, आणि त्यामागे ज्यांचे लेखन होते त्यांत स्पूनर एक होता. 'गुलामगिरी' हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती नष्ट करण्यासाठी.

येथे मराठी वाचकाला जोतीराव फुल्यांची आठवण होणारच. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे. लोकांना, सरकारला नव्हे. फुल्यांना स्पूनर ठाऊक होता असे मला अजिबात सुचवायचे नाही. पण आभार कोणाचे मानायचे याची त्यांची निवड अचूक होती, एवढे नोंदवावेसे वाटते.

यादवी युद्ध संपल्यावर स्पूनरने आपले सर्वांत प्रसिद्ध लेखन केले. 'नो ट्रीझन', म्हणजे 'हा राजद्रोह नव्हे', या मालेचा पहिला आणि दुसरा अंक १८६७ मध्ये आला. सहावा १८७० मध्ये. तिसरा, चौथा, पाचवा कधीच आले नाहीत. सहाव्या अंकात ज्या घटनेचा तो वीस वर्षे वकील होता तिचीच उलटतपासणी आहे. प्रश्न साधे आहेत, इतके साधे की कोणाही खातेदाराला ते सुचावेत. हे खत कोणी लिहून दिले? सही कोणाची? सह्या करणारे मेले. वारसांना बांधील धरण्याचा मजकूर खतात आहे काय? जमिनीच्या किंवा मोठ्या रकमेच्या व्यवहारात सहीशिवाय करार कोणतेही न्यायालय मानत नाही, मग माणसाचे सारे आयुष्य आणि मालमत्ता ज्यावर ठरते त्या करारालाच ही सूट का? मत दिले म्हणजे संमती दिली म्हणावे, तर मतदान गुप्त असते. कोणी कोणाला अधिकार दिला हे सिद्ध करणारा कागदच नाही. लोकप्रतिनिधी स्वतःला प्रतिनिधी म्हणवतो. त्याचे मुखत्यारपत्र कोठे आहे? कर देणे ही संमती म्हणावी, तर वाटमाऱ्यालाही लोक पैसे देतातच. आणि वाटमाऱ्या निदान एकदा लुटून आपल्या वाटेने जातो, मी तुझा रक्षणकर्ता आहे असे म्हणत मागोमाग येत नाही, ही तुलना स्पूनर जवळजवळ आस्वाद घेत रंगवतो.

या गद्याची शैली लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्याच राज्यातला, वयाने काहीसा लहान थोरो घ्या. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचे युद्ध यांच्या निषेधार्थ डोईपट्टी न भरल्यामुळे जुलै १८४६ मध्ये तो काँकर्डच्या तुरुंगात एक रात्र राहिला आणि त्यातून १८४९ चा तो विख्यात निबंध झाला. थोरोचे राज्य त्याच्या सदसद्विवेकासमोर उभे आहे. तो अंतर्मुख होतो, मध्येच तुरुंगाच्या खिडकीतून गाव पाहतो. आपल्याला ताबडतोब राज्याचा अंत नको, अधिक चांगले राज्य हवे, असेही तो सांगतो. गांधीजींनी १९०७ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मधून त्याचा परिचय दिला आणि थोरो आपला झाला. स्पूनरमध्ये खिडकी नाही. पुनरुक्ती आहे, 'समजा'ने सुरू होणारी पंधरा वाक्ये आहेत, विरुद्ध पक्षाने काय म्हटले असते ते आधीच मांडून खोडणे आहे. रुक्ष म्हणून तो मागे पडला असावा. पण मोडी खतपत्रे, करारमदार आणि कैफियती हे ज्या भाषेचे मोठे गद्यभांडार आहे, त्या भाषेच्या वाचकाला हा रुक्षपणा परका वाटू नये.

आता माझी हरकत. १८६७ चा मार्च महिना 'नो ट्रीझन'च्या वाचकाने विसरू नये. त्या महिन्यात काँग्रेसने दक्षिणेतील दहा राज्ये पाच लष्करी विभागांत वाटली. नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसाला मतदानाला जाता आले ते या लष्कराच्या आडोशाने. १८७७ मध्ये उरलेल्या सैन्याचे पाठबळ काढून घेतले गेले आणि पुढच्या काही दशकांत त्याचे मत, त्याची जमिनीची आशा, पुष्कळदा त्याचा जीवही गोऱ्या शेजाऱ्यांच्या मर्जीवर आला. उत्तरेने युद्ध गुलामांसाठी केले नाही, संघराज्य टिकवण्यासाठी केले, हे स्पूनरचे निदान बरेचसे खरे आहे. पण ज्याच्यासाठी त्याने अनेक वर्षांची उमेद खर्च केली त्या माणसाचे रक्षण तेव्हा कोण करीत होते, हा प्रश्न त्या माला-अंकांत येत नाही. करार हेच माणसामाणसांतले एकमेव नाते धरले की ज्याच्याशी कोणी करारच करू इच्छित नाही तो माणूस हिशेबातून गळतो.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनेही तो मानला, आणि तरीही १९२७ मध्ये चवदार तळ्यावर पाणी प्यायला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तेथे आड आले ते राज्य नव्हते, गाव होता. शांतिपर्वातली ती परस्परांचे रक्षण करणारी माणसे धर्माने वागत होती हे खरे. त्या धर्मात तळ्यावर कोणाला जागा होती, हे भीष्मांनी सांगितलेले नाही. आंबेडकरांनी राज्याच्या हाती अधिक सत्ता मागितली त्यामागे ही ओळख होती. स्पूनर शिकवताना आंबेडकर बाजूला ठेवता येत नाहीत, असे मला वाटते, आणि उलटही. कारण राज्याच्या हाती सत्ता दिल्यावर तिचे मुखत्यारपत्र कोण तपासणार, हे स्पूनरशिवाय इतक्या नेटाने कोणी विचारलेले नाही.

स्पूनरनंतर ही परंपरा त्याचा तरुण मित्र बेंजामिन टकर याने 'लिबर्टी' या नियतकालिकातून १९०८ पर्यंत चालवली. भारतात तिचे धागे मुंबईत सापडतात. मद्रासचे एम. पी. टी. आचार्य १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होते. लवकरच पक्षाबाहेर पडून ते अराज्यवादी झाले, १९३५ मध्ये मुंबईला परतले आणि १९५४ मध्ये तिथेच वारले. त्यांचा स्नेह जुळला तो रणछोडदास लोटवाला यांच्याशी. डांग्यांच्या 'गांधी विरुद्ध लेनिन' या १९२१ च्या पुस्तकाने प्रभावित होऊन त्यांना आर्थिक बळ देणारे ते हेच लोटवाला. त्यांच्या समाजशास्त्रविषयक संस्थेचे पुढे 'लिबर्टेरियन सोशलिस्ट इन्स्टिट्यूट' असे नामांतर झाले. हे सारे लेखन इंग्रजीत राहिले. मराठीत या विचाराला शब्द दिले ते विनोबांनी, आणि वेगळ्या वाटेने. शासनहीन, सुशासित आणि शासनमुक्त अशा तीन अवस्था ते वेगळ्या करीत. 'अराजक' ज्याला आपण म्हणतो ती पहिली. विनोबांना हवी होती ती तिसरी. 'शासनमुक्त' हा शब्द मला सुंदर वाटतो. तरीही स्पूनरसाठी मी तो वापरत नाही, कारण त्यात साधनेचा गंध आहे आणि स्पूनरच्या कागदांना शाईचा वास येतो. मराठी वैचारिक ग्रंथांत आढळणारा 'अराज्यवाद' हा कोरडा शब्द त्याला अधिक शोभतो.

आणखी एक शब्द उरतो, टपालाच्या पुस्तिकेतला. ज्या विशेषणाच्या अभावावर ती उभी आहे त्याला मराठीत काय म्हणावे? आपल्याकडे १८९८ च्या टपाल कायद्याच्या चौथ्या कलमाने पत्रे वाहण्याचा तसाच अनन्य अधिकार सरकारला दिला होता, आणि गल्लोगल्ली कुरिअरची दुकाने निघाली तरी तो सव्वाशे वर्षे कायद्यात राहिला. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने तो गाळला. टपाल अडवून तपासण्याचा अधिकार मात्र ठेवला. (शेतकरी संघटनेचे शरद जोशी, ज्यांनी मराठीत सरकारी मक्तेदारीविरुद्ध सर्वांत धारदार लिहिले, ते मूळचे भारतीय टपाल सेवेतले अधिकारी होते. ते अराज्यवादी नव्हते, पण हा योगायोग स्पूनरला आवडला असता.) वर्गात या विशेषणासाठी 'अनन्य', 'एकाधिकार' आणि 'मक्ता' असे तीन प्रतिशब्द आले. पहिला भक्तीकडे जातो, दुसरा सरकारी हिंदीतून आला आहे. मी 'मक्ता' घेते. जकातीचा मक्ता, दारूचा मक्ता, बाजाराचा मक्ता असे आपले लोक म्हणत आले आहेत, आणि तो शब्द उच्चारताना मक्ता दिला कोणी हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.